शेवटचा फोटो आणि इंदूचा दिवा

सांगली, कार्तिक शुद्ध दशमी, सन १९४४

लिही गं इंदू, माझ्या वहीत, मी सांगते तसं.

जावईबापूंच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता, आणि लढाईपायी नवी फिल्म मिळत नाही. सुट्टीभर त्यांनी कृष्णेचे, ढगांचे, मावळतीचे फोटो काढले. बायकोचा एकही नाही! उद्या तुम्ही दोघं पुण्याला जाणार. मग मी लेकीला कशात बघू, ढगात?

आज घाटावर ते सूर्य टेकायची वाट बघत होते. "आई, समोर कुणी नको हं."

"छे हो!" म्हटलं, आणि पेटवलेला दिवा देऊन तुला खालच्या पायरीवर धाडलं. कार्तिकात कृष्णामाईला दिवा सोडणारीला बाजूला हो म्हणायची कुणाची छाती आहे?

बापू हसले. "पण आई, सूर्य पाठीशी असला की तोंड काळं येतं."

झालं! दिवा फुकट गेला म्हटलं. तर बापू धोतर सावरत पाण्यात उतरले, सूर्याकडंच पाठ केली आणि भर घाटावर हाक मारली, "इंदू, इकडं बघ!" सासूसमोर, नावानं!

तुझ्या तोंडावर सगळी मावळती आली होती. त्यांनी कळ दाबली. सूर्याचा फोटो राहिला तो राहिलाच.

लेखणी का थांबली गं? नावानं हाक मारली, तेही लिही. दिवा सोडायचा विसरलीस, ते मात्र नको. कृष्णामाई वाचेल.