करमत नाही

बाबा, जेवता जेवता लहानी म्हणाली, "मले जिवंत राहून करमत नाही," आणि त्या दुपारी आपल्या घरातलं सगळं बदललं. तुम्ही गेलात तेव्हा माझं बोट धरून चालणारी लहानी आता दहावीत आहे. आईची भाकर तव्यावरच करपली. किती दिवसांपासून पोरगी नुसतं "करमत नाही, करमत नाही" म्हणत होती, आणि आम्ही ते आपल्या घरच्या रीतीनं ऐकत होतो. टीव्ही लाव. मामाकडं पातूरले जाऊन ये. मीही नववीत असंच म्हणालो होतो, आठवतं? तुम्ही ड्युटीवरून येऊन कंडक्टरची बॅग खुंटीला अडकवत होता. "करमत नाही त मायासंग चाल, तिकिटं फाड!" सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसून काय करणार.

दवाखान्यात नेऊ म्हटलं तर आई माझ्यावरच उसळली. "लोकं येडी म्हनतीन तिले! अन् तू कोनाले शिकवून राहिला? त्या पोरीपायी कॉलेज सोडून घरी पडला, तुले नेलं का आमी कुठी?" मी ताट भिरकावलं. राग तुमचाच आहे माझ्यात. लहानी सांडलेलं वरण पुसायला वाकली, तेव्हा कुठे मी खाली बसलो.

मग त्याच पोरीला फोन लावला. ती अकोल्यात नर्सिंग शिकते. तिचा आवाज ऐकला आणि बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. ती म्हणाली, "आपलं राहू दे आता. बहिणीले एकटं सोडू नको. उद्याच सरकारी दवाखान्यात आन, आईलेबी आन. अन् तिथं कोनासंग भांडू नको, तुया पाया पडतो."

आज आलोय, कुरकुरत का होईना, आईही. बाहेरच्या बाकड्यावर बसून तुमच्या जुन्या नंबरावर हे टाइप करून राहिलो, पाठवणार नाही.

आत डॉक्टर मॅडमनी लहानीला विचारलं, "करमत नाही म्हणजे काय होतं गं तुला?" मीच सुरू झालो: झोपत नाही, जेवत नाही, शाळेत जात नाही. "दादा, तुम्हाला नाही विचारलं." माझं डोकंच सणकलं. "भाऊ हाय मी तिचा!" लहानी जमिनीकडं पाहत हळूच म्हणाली, "दादा, तू बाहेर जाय ना." आईही उठू लागली, तर मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही बसा. तुमच्याशीही बोलायचं आहे." आणि आई पदराचं टोक मुठीत धरून बसली, बाबा. आपली आई.

मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आपल्या घरात तो आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. खरं सांगू? मला उठायचं नव्हतं. लहानीच्या बाजूच्या खुर्चीत बसून मलाही उत्तर द्यायचं होतं. पण तिनं तोंड उघडलं होतं, आणि ती माझ्या जाण्याची वाट पाहत होती. मी बाहेर आलो, आणि आवाज न करता दार लावलं.