स्वेटर घातलेलं पोतं

बाळा,

रात्रपाळी करून झोपली आहेस, म्हणून उठवत नाही. चिठ्ठी वाळूच्या पोत्यावरच चिकटवतोय, कारण उठल्या उठल्या तू चहाच्याही आधी त्यालाच मिठी मारतेस.

ते पाठुंगळी घेऊन रोज जिना चढतेस-उतरतेस. विचारलं की म्हणतेस, "बाबा, हा नवा व्यायाम आहे." मला गंडवू नकोस. व्यायामाच्या पोत्याला कुणी बापाचा स्वेटर घालतं का? येत्या सोमवारपासून लिफ्ट बंद राहणार आहे आणि माझे पाय जिना चढायचे नाहीत, हे मलाही ठाऊक आहे.

तो स्वेटर आता मला ढगळ होतो, म्हणून पोत्यातली थोडी वाळू काढून कुंडीत टाकलीय. उगाच जास्तीचं ओझं कशाला? आणि कंबरेला पट्टा बांधत जा, वेडाबाई.

लहानपणी मी उचलून वर न्यावं म्हणून तू गाडीतच झोपेचं सोंग घ्यायचीस. मला कळायचं, पण मी कधी बोललो नाही.

सोमवारी दवाखान्यात जाताना मीही डोळे मिटून घेणार आहे. तूही काही बोलू नकोस.

बाबा