कंपायलर आणि अठ्ठेचाळीस फायली

३ फेब्रुवारी, सकाळी १०
संकल्प. या महिन्यात सी प्रोग्रॅमिंग शिकायचं. वय सदुसष्ट, मेंदू पंचविशीचा. ऋताचं कॉलेजातलं पुस्तक माळ्यावरून काढलं. झुरळांनी फक्त इंडेक्स खाल्लाय. कॉम्प्युटर २००७चा, पण दणकट.

ऋताचा फोन. बावीसला तिच्या आईचं, पूर्णिमाचं, वर्षश्राद्ध, तेव्हा येणार. म्हणाली, बाबा, आता आमच्याकडे पुण्यालाच चला. म्हटलं, पोरी, मला वेळ कुठाय? मग म्हणाली, आईनं कॉम्प्युटरवर बरंच लिहून ठेवलंय, ते मला हवंय, सांभाळा. हसू आलं. तिच्या आईला कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा नाद होता, दुसरं काय. मी जेवून आडवा झालो की हमखास हाक यायची, अहो, जरा येऊन बघा की! पत्ते काय बघायचे? बघू, म्हणायचो.

४ फेब्रुवारी
जावई शार्दूल सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं म्हणणं, इन्स्टॉल कशाला करताय, वेबसाइट उघडा, तिथंच प्रोग्रॅम चालतो. सांगितलं, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत वीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, आयतं घ्यायची सवय नाही. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा प्रोग्रॅम. तो मी माझ्या हातानं बसवणार.

आधी सफाई. मशीन फार स्लो झालंय. शंभरेक फाँट, म्हणजे अक्षरांची वळणं, नुसते पडून होते. कंपायलरला फाँट लागत नाहीत. चार ठेवले, बाकी साफ. आता जरा पळतंय असं वाटतं.

६ फेब्रुवारी
ऋतासाठी शोधाशोध. पाऊण तास घालवला. मराठीत एक अक्षर नाही. तिला कळवलं. ती म्हणाली, परत एकदा बघा ना. मी म्हणालो, एकदा तपासलेला माल मी परत तपासत नाही.

९ फेब्रुवारी
कंपायलर आला. डाउनलोडला तीन दिवस. उघडून सी ड्राइव्हमध्ये ठेवला. आता तो कुठं ठेवलाय ते मशीनला सांगायचं, म्हणजे पाथ नावाच्या ओळीत त्याचा पत्ता लिहायचा. लिहिला. कमांड दिली. मशीन म्हणतं, असा प्रोग्रॅमच नाही. परत लिहिला. नाही. माझी चूक असणं शक्य नाही.

दुपारी दीड. चोर सापडला! कोपऱ्यात एक फोल्डर, आत अठ्ठेचाळीस फायली. शेवटची उघडली. सगळी इंग्रजी अक्षरं, पण एक शब्द इंग्रजी असेल तर शपथ. मध्येच प्रश्नचिन्हं. शार्दूलला पुरावा म्हणून शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवून घेतो:

vkt ijr gkd ekjyh- c?kw Eg.kkys-

व्हायरस. बहुतेक रशियन. फायलींच्या तारखा गेल्या फेब्रुवारीपर्यंतच्या. त्यानंतर वाढलेला नाही, हे नशीब.

१० फेब्रुवारी
अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस रिजेक्ट. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. एवढा मोठा व्हायरस, पण दोन एमबीसुद्धा जागा मोकळी झाली नाही. नवल आहे.

१३ फेब्रुवारी
कंपायलर तीनदा काढला, तीनदा बसवला. अजून तेच. कंपायलर बनवणाऱ्यांचाच काहीतरी घोळ असणार. त्यांना पत्र लिहायचं.

संध्याकाळी घर खायला उठलं. चहा दोघांचा टाकला गेला. दोन्ही कप मीच प्यालो. वाया कशाला घालवायचा.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११
फत्ते! चूक एका सेमीकोलनची. पाथमध्ये आधीच्या पत्त्यानंतर टाकायचा राहिला होता. म्हणजे त्या व्हायरसचा काही संबंध नव्हता. असो, सफाई झाली ते बरंच झालं.

पहिला प्रोग्रॅम चालला. काळ्या पडद्यावर 'हॅलो' उमटलं. आनंदाच्या भरात स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, अगं, जरा येऊन बघ की!

रात्री ९. मशीन तेव्हाच बंद केलं होतं. आज जेवण केलं नाही. भूक नव्हती.

१७ फेब्रुवारी
ऋताचा फोन. आईच्या टायपिंग क्लासच्या बाईंशी बोलली म्हणे. पूर्णिमा एका जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप करायची. तो फाँट मशीनवर नसला की सगळं इंग्रजी अक्षरांत गिचमिड दिसतं. कबनूरचं माहेर, यंत्रमागांचा खडखडाट, आमचं लग्न, ऋताचा जन्म, सगळं लिहिलंय, बाईंना वाचून दाखवायची. ऋता म्हणाली, गिचमिड दिसलं तर घाबरू नका बाबा, मी आल्यावर फाँट टाकते. फक्त कशाला हात लावू नका.

बरं, म्हणालो. माझा आवाज नीट होता.

१८ फेब्रुवारी
कॉम्प्युटर रिक्षात घालून राजारामपुरीत धैर्यशीलच्या दुकानी नेला. रिपेअरीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. दोन तास खटपट केली त्यानं. मग म्हणाला, काका, नुस्तं उडवून गप बसला असता तर काढून दिलं असतं की. पण त्याच जागंवर तुम्ही तीनदा कंपायलर बसवलासा. हजारांनी फायली असत्यात त्यात. खालचं काय ऱ्हायलं न्हाय.

मी विचारलं, कंपायलर तरी बरोबर बसलाय ना?

व्हय की, एक नंबर बसलाय, म्हणाला.

मग मी ही वही उघडून नऊ तारखेची ओळ दाखवली. त्यानं जुना फाँट शोधून टाकला आणि वहीत बघून एकेक अक्षर मारलं. पडद्यावर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन चहा सांगितले. स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

आज परत हाक मारली. बघू म्हणाले.

चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४
कॉम्प्युटर पुसून ठेवला. उडवलेले फाँट परत टाकून आणलेत, सगळे. कंपायलर व्यवस्थित चालतो. अठ्ठेचाळीस फायलींतली एक ओळ शिल्लक आहे, ती या वहीत. ऋता उद्या सकाळी येते. तिला सांगायलाच हवं. फोनवरच सांगून टाकावं, म्हणजे ती प्रवासात रडून मोकळी होईल, असं ठरवलं.

आत्ताच तिचा फोन येऊन गेला. म्हणाली, बाबा, आईचं सापडलं का हो काही?

बघू, म्हणालो.