जावळाचा आहेर

प्रिय क्लोरिंदा,

"चुलीमागचे कुई ओरडताहेत तोवर घर धड आहे. ते गप्प झाले की पोरं उचलायची आणि बाहेर पडायचं." आई हे म्हणाली तेव्हा आपण दोघी तिच्याजवळ बसून मका सोलत होतो, आणि खाण्यासाठी पाळलेले ते बिनशेपटीचे गुबगुबीत जीव चुलीमागे किचकिचत होते. तू म्हणालीस, मग नवरा कशाला करायचा, ओरडायला कुई आहेतच. आई हसली नाही. तिच्या लहानपणी खालच्या वाडीतली घरंच्या घरं अशी गप्प झाली होती, आधी कुई, मग माणसं.

इकडे बटाटा निघाला, यंदा बारीक आहे. धाकटा भिंत धरून चालतो. तेओफिलोनं स्वयंपाकघर पाडून नवं बांधलं. चुलीमागे आता लाकडं असतात. पहाटे कानांना अजून सवयीनं तो किचकिचाट हवा असतो.

नेलिदाला चौथं वर्ष लागलं, तिच्या जावळाच्या दिवशी तू वरच्या वाडीहून शालीत कुई बांधून आलीस. पहिली बट कापणारी मावशी रिकाम्या हातानं कशी येणार? तेओफिलो म्हणाला, मेहुणीबाई, एवढं दातृत्व कुठून आलं? तू म्हणालीस, भाचीसाठी नाही देणार तर काय तुमच्या मिशांसाठी? सगळे हसले. नेलिदा त्यांना आखूड कानांचे ससे म्हणायची. त्यातला काळा कुशीत घेऊन ती चुलीजवळच झोपली.

थोड्याच दिवसांत चुलीमागे शांतता झाली. मला वाटलं, त्यांना घर नवं आहे, बुजले असतील. मग पोरीला ताप भरला, काखेत गाठ आली. सासूबाईंनी त्यांची आई करायची तेच केलं. जिवंत उरलेल्यांतला एक कुई उचलून पोरीच्या डोक्यापासून पायांपर्यंत फिरवला, मग त्याचं पोट फाडून आजार कुठं आहे ते पाहिलं. नेलिदा दुसऱ्या दिवशी गेली.

तोंडाला फडकी बांधून सरकारी माणसं आली, भिंतींवर औषध मारलं. उंदरावरची पिसू कुईवर येते, म्हणाले, आणि कुई मेला की ऊब शोधत माणसावर. गावानं त्यातलं एवढंच उचललं की म्हातारीनं नातीच्या अंगाला मरण चोळलं. सासूबाईंनीही तेच उचललं. तेव्हापासून त्या हात शालीखाली ठेवतात. धाकटा त्यांच्याकडे झेपावला की भिंतीकडे सरकतात. आता अंथरुणाला खिळल्यात, तर मलाच भरवावं लागतं. ताटाला हात लावत नाहीत.

गेल्या बाजारात तुझी शेजारीण रोसाऊरा भेटली. तिला वाटलं, मला माहीत आहे. जावळाच्या आधीच तुझ्या चुलीमागचे कुई मरायला लागले होते, तुझ्या नवऱ्यानं ते गोठ्यामागे पुरले, तुम्ही पोरं घेऊन बाहेर ओसरीवर झोपायला लागलात. आणि जिवंत होते ते तू शालीत बांधलेस. रोसाऊरानं विचारलं, तेव्हा म्हणालीस, "हे तर चांगले ओरडताहेत. रिकाम्या हातानं गेले तर सोईलाच्या सासरी काय तोंड दाखवू?"

आईचं वाक्य तुझ्याही कानांवर पडलं होतं, क्लोरिंदा. स्वतःच्या पोरांसाठी ते तुला बरोबर आठवलं.

मी हे गावात बोलले नाही, तेओफिलोलाही सांगितलं नाही. फक्त सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू माझ्या समाधानासाठी बोलतेस, पोरी." माझ्या तोंडून त्यांना ते खरं वाटणार नाही, तुझ्याच तोंडून वाटेल. म्हणून हे पत्र. एकदा ये. त्यांच्या अंथरुणाशी बस, शालीखालचे हात बाहेर काढून हातात घे आणि सांग की आजार तुझ्या घरून आला. दुसरं कुणी ऐकणार नाही, मी दार लावून घेईन. त्यांचे आता फार दिवस उरले नाहीत. तू कापणीचं कारण सांगशील, नवऱ्याचं सांगशील, नाहीतर उत्तरच देणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी ये. आणि या खेपेला रिकाम्या हातानं ये.

तुझीच थोरली,
सोईला