पालथे कागद

शेबॉयगन, ३ फेब्रुवारी १९८१

चि. रोलंड यास अ. उ. आ.

तुझी फाशांची पेटी पोचली. वीस बाजूंचा फासा पाहून फ्लोरियनकाका म्हणाले, की हा कुठल्या वेड्या सुताराने तासलाय! अरे, मला आता धीरच धरवत नाही. येत्या चौदा तारखेला, शनिवारी दुपारी, आपल्याच स्वयंपाकघरात तुझा तो साहसाचा खेळ मांडतेय. खेळणारे तिघं: काका, हेडविगकाकू आणि चक्क बाबा.

आईला जाऊन पाच महिने झाले, पण बाबांनी पत्त्यांना हात लावलेला नाही. तिचं नावसुद्धा घेत नाहीत. मी घेतलं की उठून अंगणातला बर्फ उपसायला जातात, बर्फ असो नसो. आत्ताही अट घातलीय, की एकदाच बसेन, नाही रमलो तर पुन्हा कशालाच बोलवायचं नाही. म्हणून विचारते, नवख्यांना काय सांगू? हा एकच डाव हातात आहे.

उत्तराला उशीर केलास तर तुझा कान माझ्या हातापासून लांब नाही, हे लक्षात ठेव.

तुझी ताई,
आर्डिस

मॅडिसन, ७ फेब्रुवारी १९८१

ती. ताईस सा. न. वि. वि.

राक्षसांचा कारभार तुझ्या हाती, म्हणजे बिचाऱ्या राक्षसांचं काही खरं नाही! नियम थोडेच सांग. प्रत्येकाने आपलं पात्र रचून कागदावर लिहायचं: नाव काय, येतं काय, जीव किती. मग तू भुयार दाखवायचंस आणि विचारायचंस, की आता काय करता? इथे कोणी कोणाला हरवत नाही, सगळे जिवंत बाहेर आले की जिंकले. फासा वाईट पडला तरी बाबांवर मेहेरबानी करू नकोस, त्यांना लगेच कळेल.

ब्राट सॉसेज भाजशील तेव्हा माझी आठवण काढ. इथल्या खानावळीतलं सॉसेज काकूंनी चाखलं तर त्या पोलीस बोलावतील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रोली

शेबॉयगन, १५ फेब्रुवारी १९८१

चि. रोलंड यास अ. उ. आ.

काल डाव झाला!

सुरुवातच फसली. तिघांनी आपापले कागद लिहिले आणि पालथे करून छातीशी धरले. आपल्या घरच्या पत्त्यांच्या डावात भिडू कोण हेही पान पडेपर्यंत सांगायचं नसतं, चाळीस वर्षांची सवय ती! भुयाराच्या तोंडाशी तिघंही मुकी. काकूंच्या पात्राला दाराआडचा लांडगा ऐकू आला, तरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. काकांचा शूरवीर पुढे गेला आणि लांडगा त्याला चावला. काका खवळले, की बायकोनेच मला लांडग्याला घातलं. काकू म्हणाल्या, मी माझं पान का दाखवू?

काकांनी फासा टाकला. एक पडला. मी मेहेरबानी केली नाही. सांगितलं, की कोणाकडे औषध नसेल तर शूरवीर आता मरतो.

बाबा कागदाकडे बघत बसले. मला वाटलं, संपलं, आता बर्फ उपसायला जाणार. पण त्यांनी कागद सरळ करून टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना वाचता येईल असा. म्हणाले, की औषध आहे, एल्व्हिराकडे आहे.

रोली, आईचं नाव! खाली त्यांच्या अक्षरात: वैदू. हट्टी. पत्त्यांत लबाड. काकू रडायलाच लागल्या. काका म्हणाले, आधी मला वाचवा, मग काय ते रडा. बाबा हसले, मोठ्यांदा हसले, आणि मग अंधार पडेपर्यंत आईबद्दल बोलत होते. मी किती दिवस या आवाजाची वाट पाहत होते.

खाली बाबांना लिहायचंय. तुझ्या दोन ओळी लवकर येऊ देत.

तुझी ताई,
आर्डिस

चि. रोलंड यास आशीर्वाद. फ्लोरियन वाचला, पण लंगडतो. शनिवारी दुसरं दार उघडायचंय, तेव्हा तू ये. एल्व्हिरा विचारत होती, पोरगा वेळेवर जेवतो का.

बाबा