उजव्या कानातला वा

घोडपदेव, मुंबई ३३
रविवार, दुपार

चि. हितेंद्र यास,

घोडपदेवहून दौलतभावोजींचे अनेक आशीर्वाद. (तुला बावन्न पूर्ण झाली हे मला ठाऊक आहे, पण मेव्हणा कितीही टकला झाला तरी चि.च राहतो.) तुझी कंबर कशी आहे? मागच्या खेपेस तू कंबर म्हणालास, तुझी लेक अक्षदा म्हणाली गुडघा. जे काय असेल ते कसं आहे? तिकडे गावी आंब्याला मोहोर बरा आहे ना? आम्ही इकडे ठीक. म्हणजे तुझी बहीण ठीक, भाची ठीक, मी ठीक नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अरे, आमची खोली दहा बाय पंधरा. मी फोन कानाला लावून नुसतं "काय हितेंद्र" म्हटलं तरी सुचित्रा ओट्यापाशी कुकरची शिट्टी थांबवून ऐकते. आणि आजची गोष्ट नेमकी तिचीच आहे. तेव्हा वाच, आणि वाचून चुलीत घाल.

तुला ब्याण्णव सालची आमची डबलबारी आठवते ना? नसेल आठवत तर आठव, माझं सगळं त्यावर अडलं आहे. मैदानात मांडव, एका बाजूला मी आणि माझी मंडळी, समोर लालबागचे बाबुराव बुवा आणि त्यांची मंडळी. त्याने एक गजर म्हणायचा, मी त्यावर चढवायचा, मग पुन्हा त्याने. (मी जिंकलो. मानाचा नारळ मला मिळाला. परीक्षक आमच्याच चाळीतले होते हा योगायोग.) तुम्ही तेव्हा शिवडीला राहत होता. तू वीस वर्षांचा, मिशी फुटू की नको अशा विचारात, बायकांच्या बाजूला सुचित्रा आणि सासूबाईंच्या शेजारी बसला होतास. हे मी पाहिलं, कारण त्या दिवशी माझं लक्ष देवाकडे कमी आणि तिकडेच जास्त होतं. पंधरा दिवसांत तुमच्याकडून होकार आला. तेव्हापासून बत्तीस वर्षं मी एकाच भरवशावर संसार केला, की तुझ्या बहिणीने माझा आवाज ऐकून मला पसंत केलं. तिला तोंडावर कधी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, उत्तर येतं.

त्या बारीची कॅसेट आमच्या झांजवाल्या मनूने भरली होती. त्याच्या टू-इन-वनला दोन माइक. डावा माझ्याकडे, उजवा बाबुराव आणि बायका यांच्याकडे. आता गंमत अशी, की आमच्या घरच्या टू-इन-वनचा उजवा स्पीकर पहिल्याच वर्षी उंदराने खाल्ला. म्हणजे इतकी वर्षं मी ती कॅसेट एकाच बाजूने ऐकली. मी असा मांडव भरून गातोय, आणि बाबुराव मात्र रे रोड स्टेशनवर उभा राहून गातोय! मला ते अगदी बरोबर वाटायचं. त्याची लायकीच तेवढी, असं मी पाहुण्यांना सांगतही असे.

मग मी शिवडीच्या गोदामातून रिटायर झालो आणि आमच्या लेकीने, मनवाने, मला भेट दिली. (ती दादरला डबिंगच्या स्टुडिओत आवाज साफ करायचं काम करते. काय काम, तर लोकांच्या बोलण्यातलं पंख्याचं घरघरणं काढून टाकायचं. पगार देतात याचा.) तिने ती कॅसेट साफ करून माझ्या फोनमध्ये भरली आणि तिचे जुने मोठे हेडफोन मला दिले. मी हौसेने घातले. उजवा कान म्हणजे काय चीज आहे हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. बाबुराव रे रोडवरून जो निघाला तो थेट माझ्या मांडीवर येऊन बसला. एवढंही मी सोसलं असतं. पण सतराव्या मिनिटाला, त्याच्या दुसऱ्या गजरात, त्याने वरचा सा धरला (धरला कसला, लोंबकळला) आणि बायकांच्या बाजूने आवाज आला: "वा!" एकच. ठसठशीत. तुझ्या बहिणीचा.

हितेंद्र, तो वा मी ओळखतो रे. घरात वर्षाकाठी दोनदा निघतो. ताजा सरंगा मिळाला की निघतो. मनवा पास झाली तेव्हा निघाला. समोरच्या दीपिकाने गॅलरीत मोगरा फुलवला, तिच्यासाठीसुद्धा निघाला. मला? मला रिटायरमेंटला शाल मिळाली, तेव्हा "बरं झालं, मऊ आहे" एवढंच. आणि त्या बाबुरावाला, लग्नाआधी, ओळख ना पाळख, फुकटात वा! मी जळलो. सरळ लिहितो, जळलो. त्या दिवसापासून ती भाकरी थापताना नुसती गप्प राहिली तरी मला वाटतं, ही सतराव्या मिनिटात आहे. बाबुरावाचे केस अजून काळे आहेत. (कलप आहे. पण बायकांना कुठे कळतं?)

मग मी शांत डोक्याने विचार केला. त्याला एक दिला असेल, तर मला निदान दोन दिले असणार. ते ऐकू येत नाहीत, म्हणजे दोष यंत्रात आहे. मनवा म्हणाली, बाबा, कॅसेटमध्ये नसेल ते कुठलंही यंत्र आणून देणार नाही. पोरगी शिकलेली, पण बापाचं खरं दुखणं तिला काय सांगणार? मी सरळ लॅमिंग्टन रोड गाठला. तिथे विकास नावाचा एक दुकानदार भेटला. फार गोड बोलतो. त्याने माझं दुःख न विचारताच ओळखलं आणि सोन्याचा मुलामा दिलेली वायर काढून दिली, गॅसच्या नळीएवढी जाड. ती लावून ऐकलं, तर देवाशपथ फरक पडला, बाबुरावाचा वा जास्त गोड लागला! त्यासाठी का मी ती आणली होती? मनवाने माझ्या पाठीमागे तीन वेळा वायर बदलून विचारलं, आता कुठली? तिन्ही वेळा मी चुकलो. विकास म्हणाला, काका, कान बसायला वेळ लागतो.

त्यानंतर जे जे केलं ते थोडक्यात सांगतो. मनवानेच दाखवलं, की माझ्या चष्म्याच्या काडीमुळे हेडफोनची गादी कानाला नीट चिकटत नाही आणि फटीतून खर्जाचा आवाज निघून जातो. हे मात्र खरं निघालं. चष्मा काढल्याबरोबर पखवाज असा भरून आला, की छातीत वाजला. पण चष्म्याशिवाय फोन दिसेना. कुठेतरी बोट लागलं आणि बाबुरावाचा गजर आमच्या चाळीच्या ग्रुपवर गेला. सात जणांनी हात जोडले, दोघांनी विचारलं की बुवा कोण. मी आठवडाभर गॅलरीत गेलो नाही. गाद्या तर इतक्या जुन्या होत्या, की त्यांचा काळा भुगा माझ्या कानांना चिकटे. सुचित्रा म्हणाली, तुम्हीही कलप लावायला लागलात की काय? ("तुम्हीही" म्हणाली. "ही" कोणाला उद्देशून, ते तूच ठरव.) नव्या गाद्या आणल्या. मग भायखळ्याच्या कानाच्या डॉक्टरकडे गेलो, त्याने दोन्ही कानांतून जे काढलं ते लिहिण्यासारखं नाही, पण खरं सांगतो, सोन्याच्या वायरीच्या शंभरपट फरक त्या पाच मिनिटांत पडला.

मग डॅक आणला. डॅक म्हणजे फोन आणि हेडफोन यांच्या मध्ये लावायची करंगळीएवढी डबी. ती लावली की मागची खरखर बसते आणि बारीकसारीक वर येतं. काय काय वर आलं म्हणून सांगू! माझ्या पेटीचा भाता फाटका होता, तो श्वास टाकताना ऐकू आला. एक पोर कुल्फीसाठी रडतंय. आणि माझ्या बारीत, अगदी माझा आलाप रंगात आलेला असताना, उजव्या कानात एक पोरगा म्हणतो, "अजून किती वेळ?" तो तू आहेस, हितेंद्र. नाही म्हणू नकोस. मिशी नसली तरी आवाज तोच आहे. मी तुला माफ केलेलं नाही, पण तो विषय वेगळा. मुद्दा असा की तू सापडलास, कुल्फीवाला सापडला, भाता सापडला, आणि वा मात्र सापडला नाही. पूर्ण पंचेचाळीस मिनिटांत माझ्यासाठी एकही नाही.

शेवटी विकास म्हणाला, हे हेडफोन मागून बंद आहेत, आवाज कोंडतो. मागून उघडे घ्या, सगळा मांडव समोर दिसेल. घेतले. आता ते नवे आहेत, आणि नवे हेडफोन म्हणे शंभर तास वाजवून मुरवावे लागतात. (मनवा कपाळाला हात लावून कामावर गेली.) म्हणून कालपासून मी ते कपाटात, सुचित्राच्या साड्यांच्या घडीत ठेवून, गाणं चालू करून दार लावून घेतलं आहे. मुरतायत. तेवढ्यात तुला लिहायला बसलो. तू तिच्या शेजारी होतास, तुझ्याइतका जवळचा साक्षीदार नाही. माझ्या बारीत तिने एकदा तरी वा म्हटलं होतं का? आणि बाबुरावाला म्हटलं ते गाण्याला, की माणसाला? खरं लिही. खोटं लिहिणार असशील तर निदान माझ्या बाजूने लिही.

तुझा (अजूनपर्यंत)
दौलतभावोजी

ता. क. मंगळवार. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. काल हळदीकुंकवाला जायचं म्हणून सुचित्राने कपाट उघडलं. मागून उघडे हेडफोन म्हणजे आवाज मागूनही बाहेर येतो, हे विकासने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. आणि मी फिरवत ठेवला होता तो बाबुरावाचा दुसरा गजर. (मुरवायचे होते तर माझं गाणं का लावलं नाही, असं विचारू नकोस. फोनमध्ये तेच लागलेलं होतं. महिनाभर तेच लागलेलं आहे.) ती एकदम मागे सरकली आणि ओरडली, "अहो, माझ्या पैठणीत कोण गाता?" मग हेडफोन बाहेर काढून माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी बाबुरावाचा भक्त झालो आहे आणि तिच्यापासून लपवतो आहे. तिने ते कानाला लावले. मी मनात म्हटलं, आता सतरावं मिनिट येतंय, आता हिचा चेहरा बघायचा, सगळं तिथेच कळेल.

चेहरा पाहिला. ती कपाटाला टेकून खालीच बसली. परत लावा म्हणाली. लावलं. परत. चौथ्या वेळेला तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "आये."

तो वा तिचा नाही रे. सासूबाईंचा आहे. सुचित्राचा आवाज तेव्हा बारीक होता, बासरीसारखा. तो कधी भरला ते मला समजलंच नाही, रोज कानावर असल्यामुळे. आज छप्पन्नाव्या वर्षी तिचा आवाज आहे, तो तेव्हा सासूबाईंचा होता. आणि मी बायको समजून सासूवर महिनाभर जळत होतो! (तरी थोडं जळतोच. वीस वर्षं त्या मला म्हणायच्या, "जावयबापू, तुमच्यासारखो गजर कोणाचो नाय", आणि वर सोलकढी वाढायच्या.) आपल्याकडे त्यांचे फोटो आहेत, आवाज कुठेच नव्हता. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. हळदीकुंकू राहिलं.

ता. क. दोन. रात्रीचं जेवण झाल्यावर सुचित्राने माझी बारी ऐकायला घेतली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण ऐकली असेल. पखवाजाच्या खाली दबलेलं जे मला पाच वस्तू लावून सापडलं नाही, ते तिला पहिल्या फटक्यात सापडलं. सासूबाई तिला म्हणतायत, "झील बरो आसा. गाण्याचा याड तेवढा सुटाक व्हया." म्हणजे मुलगा बरा, वेड तेवढं सुटायला हवं; होकार मला होता, गाण्याला नव्हता. आणि त्याच्यावर एक बारीक हसू आहे. ते मात्र सुचित्राचं, चोवीस वर्षांच्या सुचित्राचं. वा नाही, नुसतं हसू. मी घेतलं.

ता. क. तीन. शनिवार. पत्र अजून घरातच आहे, तेव्हा आता कामाचं लिहितो. सकाळ झाली की सुचित्रा सतरावं मिनिट लावते. एका वा साठी आधीचा सगळा बाबुराव ऐकावा लागतो, मधून लावलं तर तिला चालत नाही. आज तर डाळीला फोडणी देताना त्याचा गजर गुणगुणत होती, आणि सुरात. हेडफोन, गाद्या, डॅक सगळं माझं, आणि मी रिकामे कान घेऊन बसलेला. माझ्या घरात बाबुराव ठाण मांडून बसला आहे, हितेंद्र, त्याला तूच बाहेर काढू शकतोस. तुझ्या लग्नाची कॅसेट असेल, सत्यनारायणाची असेल, अक्षदाच्या बारशाची असेल. माळा उपस, जुन्या ट्रंका बघ, आणि ज्यात सासूबाई बोलल्या असतील ती कुठलीही कॅसेट येणाऱ्या माणसाबरोबर पाठव. मनवा साफ करील. मला शिव्या घातलेल्या असल्या तरी हरकत नाही. सुचित्रा इथे शेजारीच बसली आहे, ती सांगते ते लिहितो: बोलल्या नसतील आणि नुसत्या खोकल्या असतील, तरी पाठव.