उशीर कुणाचा

३ मार्च
नातीने नवा फोन हातात दिला. म्हणाली, तू नुसतं बोल आजी, तो लिहितो आणि वाचूनही दाखवतो. मला अक्षर येत नाही हे त्याला अजून सांगितलेलं नाही. उगाच नाक मुरडायचा. जुन्या फोनलाही एकदा असंच लिहायला सांगून पाहिलं होतं. चार शब्द सांगितले की दोन लिहून बसायचा, धाप लागल्यासारखा.

४ मार्च
जुन्यावर माणूस दिसेपर्यंत माझे दोन टॉवेल घडी करून व्हायचे. तेवढ्यात कवळी बसवायची, केस सारखे करायचे. आज बोट लावलं न लावलं तोच धाकटी समोर! आणि कवळी वाटीत. धाकटी म्हणजे माझी शेवटची लेक. लांबच्या शहरात एकटी राहते, औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासते. पोट धरून हसली. आई, आधी दात, मग फोन, म्हणे.

५ मार्च
कवळी सकाळपासून तोंडातच. फोन पळतो, सोसतात माझ्या हिरड्या.

९ मार्च
थोरल्या बहिणीला फोन. पूर्वी तिचा टोमणा रखडत यायचा, मला उत्तर जुळवायला सवड मिळायची. आता थाडकन येतो. दोनदा हरले.

११ मार्च
धाकटीला विचारलं, जेवलीस का? — हो. लगेच. घर झाडलंस? — तुझ्याइतकं नाही. तेही लगेच. मग विचारलं, काम कसं चाललंय?
गप्प.
मग म्हणाली, मस्त.
हे 'मस्त' जुन्या फोनवरही असंच मागे राहून यायचं. तीन महिने मी त्या फोनला शिव्या घातल्या — मेला, लेकीचा शब्द वेळेवर आणत नाही! नातीला म्हटलं, बघ गं, अडला का हा? तिने इकडे तिकडे बोट फिरवलं. नाही आजी, हा अडत नाही.

१२ मार्च
जुना फोन खणातून काढून पुसला. नको ते बोलले बिचाऱ्याला.

१३ मार्च
कवळी घालून फोन लावला. म्हटलं, "फोन नवा आहे गं. आता उशीर त्याच्यावर ढकलता यायचा नाही. काम कसं चाललंय?"
बराच वेळ गेला. मी टॉवेल हातात घेतला नाही.
"काम गेलं, आई. तीन महिने झाले."
मला घोर नको म्हणून सांगितलं नाही म्हणे! म्हटलं, बॅग भर आणि ये. तर म्हणाली, लोक काय म्हणतील. लोकांचं मी बघते, म्हटलं. दात आहेत तोंडात.

१६ मार्च
धाकटी आली. जेवून आत झोपली आहे, म्हणून हळू बोलते, नीट ऐकून लिही. आल्या आल्या बॅग टेकवून मला चिडवत म्हणाली, "काय आई, माझ्यावाचून कसं चाललं होतं?"
मी म्हटलं, मस्त.
पण जरा वेळाने. आणि मध्ये फोन नव्हता.